'द साउंड ऑफ म्युझिक' हा सिनेमा लोक अजूनही पुन्हा पुन्हा का बघतात?

तुमचं म्हणणं असं की सिनेमा १९६५चा, लांबी जवळजवळ तीन तास, गोष्ट पाकात बुडवून काढलेली. मग लोक तो स्वतः बघून वर पोरांनाही का दाखवतात?

गोड आहे, मान्य. नायकाची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या नौदलातल्या विधुर कॅप्टनची, भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर प्लमरलाच तो गोडवा सोसत नसे आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. माझ्या मते त्याच्या त्या आंबट चेहऱ्यानेच सिनेमा तरला. ज्युली अँड्र्यूजची मारिया, म्हणजे कॅप्टनची मुलं सांभाळायला आलेली तरुणी, एवढी उत्साही, त्यात समोरचाही तसाच असता तर अजीर्ण झालं असतं.

शिवाय गोष्ट मारियाची म्हणतात, मला ती कॅप्टनची वाटते. बायको गेल्यापासून त्याच्या घरात गाणं बंद. सात मुलांना हा गडी जहाजावरची शिट्टी फुंकून बोलावतो, प्रत्येकाची खूण वेगळी. पुढे तळ्याकाठी मारियाशी कडाक्याचं भांडण होतं, तो तिला निघून जायला सांगतो आणि तेवढ्यात घरातून मुलांचं गाणं ऐकू येतं. तो आत जातो, दारात थबकतो. मुलं पाहुण्या बॅरोनेससाठी, म्हणजे कॅप्टन जिच्याशी लग्न करणार असतो त्या उमराव बाईसाठी, गात असतात. हा अंदाज घेत घेत पुढची ओळ उचलतो. मुलं गायची थांबतात आणि बापाकडे नुसती बघत राहतात. भाषण नाही, रडारड नाही. (तो गाता आवाज बिल ली या गायकाचा आहे, प्लमरचा नाही. हे कळल्यावरही प्रसंगाचं काही बिघडत नाही.)

दुसरी गोष्ट म्हणजे गाणी परत येतात, पण काम वेगळं करतात. पार्टीत मुलं झोपायला जाताना निरोपाचं गाणं म्हणतात आणि एकेक करून निघून जातात. नुसती गंमत. तेच गाणं शेवटी महोत्सवात येतं तेव्हा ऑस्ट्रिया ताब्यात घेतलेल्या नाझींच्या डोळ्यांदेखत सगळं कुटुंब पसार होत असतं. 'एडलवाइस' या गाण्याचंही तसंच. आधी दिवाणखान्यात गिटारवर, घरच्यांपुरतं. नंतर रंगमंचावर कॅप्टनचा गळा दाटतो, मारिया आणि मुलं सूर उचलतात आणि मग सगळे प्रेक्षक. कित्येकांना ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं. प्रत्यक्षात ते संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी १९५९च्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेसाठी रचलं. हॅमरस्टाइनने लिहिलेलं ते शेवटचं गीत. १९६० मध्ये तो गेला, म्हणून सिनेमासाठी वाढवलेल्या दोन गाण्यांचे शब्दही रॉजर्सनेच लिहिले.

आणि वयाप्रमाणे आपलं माणूस बदलतं. लहानपणी कठपुतळ्यांचा खेळ आणि सारेगम शिकवणारं गाणं पुरतं. पुढे थोरली लीझल जवळची वाटते. आता मी बॅरोनेसकडे बघत बसतो. आपली बाजी गेली हे ती ओळखते आणि आदळआपट न करता स्वतःच लग्न मोडते. तिला नुसती खलनायिका केली असती तर सिनेमा निम्म्याने उतरला असता. लीझलचा प्रियकर आणि पुढे नाझींना मिळणारा रॉल्फ, त्याचं पात्र मात्र मला कायम घाईत उरकल्यासारखं वाटतं.

एकच सांगतो, सिनेमा खऱ्या कुटुंबावर बेतलेला असला तरी तो इतिहास म्हणून बघू नका. खऱ्या मारियाचं लग्न १९२७ मध्येच झालं होतं आणि १९३८ मध्ये ते कुटुंब सिनेमाच्या शेवटी दाखवलंय तसं डोंगर चढून नव्हे, आगगाडीने इटलीला गेलं. साल्झबर्गजवळचा तो डोंगर ओलांडला तर माणूस थेट जर्मनीत उतरायचा! खरे कॅप्टन तर मायाळू आणि गाण्याचे शौकीन होते, त्यामुळे पडद्यावरचा कडक बाप मुलांना खटकला. त्यांचा राग रास्तच. पण तसा मायाळू बाप दाखवला असता तर दारातल्या त्या थबकण्याला अर्थ उरला नसता.