नाशिकचा वाइन फेस्टिव्हल : चाखायचं दुपारी, गाणी संध्याकाळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्याहून जोडीने सुलाफेस्टला, म्हणजे नाशिकच्या सुला वायनरीच्या फेस्टिव्हलला, यायचंय. तुम्ही वाइन कधीमधी घेता, वहिनी घेत नाहीत, खायची आवड मात्र दोघांना आहे. मग तिकिटाचे पैसे वसूल होतील का, वाइन ‘कळायला’ काय करावं, आणि बाटल्या घ्यायच्या झाल्या तर काय बघावं?

नाशिककर म्हणून सांगतो, पैसे वसूल होतील, फक्त कशासाठी येताय ते आधी ठरवा. हा फेस्टिव्हल २००८ मध्ये सुरू झाला, २०२० नंतर काही वर्षं बंद होता आणि २०२५ मध्ये परत आला. तो आधी गाण्यांचा आहे, वाइनचा नंतर. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत उघडं अॅम्फिथिएटर आहे, स्टेज तिथे. सूर्य कलला की बेसचा आवाज छातीत घुमायला लागतो आणि काउंटरपुढे रांग वाढते. ओतणाऱ्या पोराला त्या वेळी ‘ही कुठल्या द्राक्षाची?’ असं विचारलंत तर तो ग्लास हातात देऊन पुढच्या माणसाकडे बघणार. त्याचीही चूक नाही.

म्हणून चाखायचं ते गेट उघडल्या उघडल्या. दुपारी गर्दी विरळ असते, काउंटरवरची माणसं ताजीतवानी असतात आणि दोन प्रश्न विचारले तर चार गोष्टी सांगतात. आणखी शांतपणे चाखायचं असेल तर एक दिवस आधी या. सुलाची टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखायची खोली, २००५ पासून आहे, यॉर्क आणि सोमा या वायनरीही याच पट्ट्यात आहेत. खरं सांगू? वाइन कळते ती तिथे. फेस्टिव्हलला मजा येते. एक दिवस आधी येणार असाल तर तारीख मात्र बघून घ्या : ३० जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो.

चाखायचा क्रम हलक्यापासून जडाकडे. आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाइट, मग रोझे (गुलाबी), मग रेड आणि गोड लेट हार्वेस्ट (वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची) सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर शिराझसारख्या जड रेडनंतर शेनिन ब्लां ही हलकी व्हाइट पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही उगाच तिला नावं ठेवाल. ग्लास दांडीला धरा. नाशिकच्या फेब्रुवारीत दुपारी चांगलंच ऊन असतं, तळहाताच्या उबेने व्हाइट पाच मिनिटांत कोमट होते. रेडही उन्हात ठेवलेल्या बाटलीतली घेऊ नका, तिच्यातलं अल्कोहोल तेवढं नाकात जातं आणि फळाचा वास मागे पडतो. थोडी थंड केलेली आहे का, असं बिनधास्त विचारा. ‘रेड रूम टेम्परेचरला’ हा नियम युरोपातल्या गार खोल्यांसाठी झाला, आपल्या उन्हासाठी नाही. आणि त्या दिवशी अत्तर, परफ्यूम नको. तुमचं तर तुमचं, शेजाऱ्याचंही नाक कामातून जातं.

चाखलेली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असेल तर लाजू नका. चाखायला साधारण ३०-४० मिली ओततात. असे सहा घोट पोटात गेले की जवळपास दीड ग्लास झाला, आणि वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के असतं. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वहिनी घेत नाहीत म्हणून स्टिअरिंग त्यांच्याकडे द्यायचा तुमचा बेत दिसतोय, पण त्यांना आधी विचारलंय का? रात्री कार्यक्रम सुटल्यावर त्या अरुंद रस्त्यावर सगळ्या गाड्या एकदम निघतात. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला मुक्काम करा आणि जाण्या-येण्याची गाडी दुपारीच ठरवून टाका. ऐन वेळी अॅपवर कॅब मिळेल या भरवशावर राहू नका.

आता खाणं. माझ्या मते तुम्हा दोघांसाठी खरी गंमत इथे आहे. स्टॉलवर पिझ्झा, चीज, पास्ता मिळतंच, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं. पण आपलं तिखट, तेलकट, आंबट खाणं आणि वाइन यांचं नेमकं काय जुळतं ते याच दिवशी तपासून बघा. तिखटाबरोबर जड रेड घेऊ नका. मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते. त्यात द्राक्षाच्या सालीबियांतून आलेला तुरटपणा मिसळला की जीभ फार उकळलेल्या कोऱ्या चहाने होते तशी होते. तिखटाला लागते किंचित गोडसर, थंडगार व्हाइट. शेनिन ब्लां तशी मिळते आणि नाशिकच्या काळ्या रश्श्याच्या मिसळीपुढेही टिकते. घरी करून बघा, रस्सा थोडा बेताने.

तळणीला स्पार्कलिंग. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, नुसतं बटाट्याचं भजं, काहीही चालेल. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचं तेल कापतात, की लगेच दुसरा घास घ्यावासा वाटतो. ही जोडी मला चीजच्या ताटापेक्षा केव्हाही जास्त पटते. आणि स्पार्कलिंग आपल्याकडे कालपरवा आली असंही नाही. नारायणगावला इंडाज या वाइन कंपनीने ती ऐंशीच्या दशकातच केली होती, तुमच्या पुणे-नाशिक रस्त्यावरच. पुढे २०१३ मध्ये शांदाँ ही स्पार्कलिंगवाली कंपनी नाशिकजवळ दिंडोरीत आली.

तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लां ही आंबटसर व्हाइट, लिंबू पिळल्याचं काम तीच करते. मटणाला शिराझ, तिच्यात स्वतःचीच मिरीची झाक असते. फक्त मटण सुकं किंवा भाजलेलं हवं, झणझणीत रस्सा नको. गोडाचा नियम एकच : वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबटढाण लागते. म्हणून पुरणपोळीला फार तर लेट हार्वेस्ट, तीही जेमतेम पुरते.

काहीही करा, उपाशीपोटी सुरुवात करू नका. शहरात जेवून निघा. आत खाण्याच्या रांगा लागतात आणि भाव फेस्टिव्हलचे असतात.

वहिनींना कंटाळा येईल का, याची काळजी नको. वायनरीची टूर घ्या, स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपं बघण्यासारखी असतात. हंगामही नेमका तोच. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), पावसाच्या शेवटाला गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनचं द्राक्ष चाखायला मिळालं तर सोडू नका. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि गोडी आपल्या खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा जास्त. रेडचा रंग त्या सालीतून येतो, आतला रस जवळजवळ बिनरंगीच असतो. एक मणी बोटांनी चुरगळलात की बोटं जांभळी होतात आणि टूरवाल्याचं अर्धं भाषण तिथेच कळून जातं. पायाने द्राक्षं तुडवायचा खेळही असतो. त्या रसाची वाइन तुम्हाला कोणी पाजत नाही, निर्धास्त तुडवा, पण पांढरे कपडे घालू नका. दोघांनीही वयाचा पुरावा जवळ ठेवा. रात्री मळ्यात चांगलाच गारठा पडतो, दुपारच्या कपड्यांवर भागत नाही.

बाटल्यांचं म्हणाल तर त्या संध्याकाळी घेऊच नका. दुसऱ्या दिवशी निघताना, शुद्धीत, जी दुपारी खरंच आवडली होती तीच घ्या. म्हणून चाखताना फोनवर लेबलचा फोटो काढत चला, सातव्या घोटानंतर नावं आठवत नाहीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवून जेवायला बसू नका, वाइन शिजते. स्क्रू कॅप (फिरकीचं झाकण) दिसली म्हणून स्वस्तातली समजू नका, आपल्या हवेला बुचापेक्षा तीच बरी. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात, पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवायच्या नसतात. उघडलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस बरी राहते. त्यापुढे प्यायचा हट्ट नको, मटणाच्या मसाल्यात ओता.