दुखरी नडगी आणि पळायची हौस

"मॅडम, पळायला लागलो की दोन-तीन आठवड्यांत काहीतरी दुखायला लागतं. सोडूनच देऊ का?" वजन वाढलेली, घोटा कधीतरी मुरगळलेली बरीच माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हे विचारतात. रत्नागिरीच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पंचेचाळिशी उलटलेली, काम दिवसभर बैठं. एकदा तरी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी करायची, ही मनापासूनची इच्छा. पण दर वेळी नडगी दुखायची, मग दोन महिने सगळं बंद. "आमच्या घरात सगळ्यांचेच गुडघे गेलेत," म्हणाले. बोलताना हात सारखा नडगीवर.

मी विचारलं, बरं वाटल्यावर पहिल्या दिवशी किती पळता?

"सोडलं होतं तेवढंच, पाच किलोमीटर. मध्ये चालायला लागलो तर भाट्याच्या किनाऱ्यावर कुणी ना कुणी ओळखीचं बघतंच हो."

खरं दुखणं इथे होतं. लाजेपायी ते पाय रेटत होते.

आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबून ठणका लागला, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे माझ्या बोलण्याचा उपयोग नाही. तसं काही निघालं नाही. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायूंच्या कंडरा तयार व्हायला महिने लागतात. म्हणून 'आता जमतंय' वाटतं, नेमकी तेव्हाच दुखापत गाठते. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.

फिजिओथेरपिस्टने आखून दिलं: दिवसाआड, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, बोलता येईल इतक्याच वेगाने. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी उतरलेलं असेल तर चालू ठेवायचं. लंगडावं लागलं की बंद. वाळूत जायचं ते ओहोटीलाच, ओल्या घट्ट पट्ट्यावर. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोट्याला पीळ बसतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'सहा म्हणजे सहा' हा हट्टही आपोआप सुटला.

माझ्याकडून गृहपाठ एकच: सुरूच्या बनापाशी, सगळ्यात जास्त गर्दीत, मुद्दाम पळणं थांबवून चालायचं आणि काय होतं ते येऊन सांगायचं. "एकाने हात केला नि गेला पुढे," त्यांनी सांगितलं. "बाकी कुणी बघितलंसुद्धा नाही!" पुढचे कितीतरी आठवडे आम्ही याच लाजेवर बोललो.

हल्ली चालत-पळत दहा किलोमीटर होतात. एकवीसची तारीख अजून ठरवलेली नाही. नडगी कुरकुरली की ते आठवडाभर नुसतं चालतात, आणि त्यासाठी मला फोन करून विचारत नाहीत.