डाव्या हाताची काकणं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन उजव्या बाजूचं, दोन वर्षांपूर्वी, काखेतल्या चौदा लसिका गाठी काढलेल्या. आणि सूज आली डाव्या हाताला, जिथे कुणी सुरी लावलीच नाही. जाऊबाई म्हणतात मीठ सोडा, गावातल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली.

माझी गोष्ट थोडी वेगळी, ते आधीच सांगते. माझ्या दोन्ही बाजूंना हात लागला होता. उजव्या काखेतल्या गाठी साफ काढल्या, डावीकडे स्तनात लहानशी गाठ होती म्हणून काखेतल्या फक्त दोन तपासल्या. काख साफ केली तर शंभरात साधारण वीसजणींना हाताला सूज येते, दोन-तीनच तपासल्या तर पाच-सहाजणींना, असं तेव्हा समजावून सांगितलं होतं. मग काय, उजव्या हाताला मी नव्या सुनेसारखं जपलं. बीपी डाव्या हातावर, सुया डाव्या हातात, विहिरीची कळशी डावीकडे, कदंबा बसमध्ये उभं राहून दांडा धरायचा तोही डाव्यानेच.

चौथ्या वर्षी चतुर्थीच्या आधी काकणं भरायला बसले. उजव्या हातात सव्वादोनची सरसर गेली, डाव्यात पेरांशीच अडकली. काकणकारीण म्हणाली, "बाये, दावो हात सुजला गो." घरी येऊन मनगटाच्या वर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. तरी महिनाभर मी उकाड्यालाच दोष देत बसले. तो महिना फुकट गेला.

आता तुमचं. न कापलेल्या बाजूचा हात सुजला तर त्याला लगेच लिंफेडेमा (काखेतल्या गाठी काढल्यावर अंगातलं पाणी वाहायची वाट अडून येणारी सूज) म्हणू नका, आणि कुणाला म्हणू देऊ नका. आधी मला सांगा, केमोचा पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी, कुठे बसवला होता? बहुतेक वेळा तो ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणजे तुमच्या डावीकडेच. पोर्टमुळे मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. सूज दोन-चार दिवसांत एकदम आली असेल, हात जड किंवा निळसर दिसत असेल, खांद्यावर-छातीवर शिरा उमटल्या असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आजच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत जा. दम लागत असेल तर क्षणभरही थांबू नका. हळूहळू आलेली असली तरी हाताचं डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, पहिलं करून घ्या. त्याला सुई नाही, दुखत नाही.

दुसरं, डावी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा भाग डॉक्टरांच्या हाताने तपासून घ्या. तिथे नवी गाठ असेल तर तीच वाट अडवते. भीती घालत नाही, पण हा प्रश्न स्वतः विचारा, समोरून कुणी काढेलच असं नाही. पायही सुजत असतील तर किडनी, हृदय, थायरॉईड. केमोत डोसिटॅक्सेल नावाचं औषध होतं का? त्याने अंगभर पाणी धरतं. मला रात्रीचं रक्त काढून फायलेरियाही बघायला सांगितलं होतं. हसू आलं, पण आमच्या लहानपणी हत्तीपायाची माणसं गावात दिसायची, तेव्हा विचारणं चूक नव्हतं.

एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. उजव्या हाताला मसाज देताना थेरपिस्ट पाणी छातीवरून डाव्या काखेकडे वळवतात, कारण ती काख शाबूत धरलेली असते. तुम्ही असा मसाज करत असाल तर कारण कळेपर्यंत थांबा आणि त्यांना डावा हात दाखवा. माझ्या दोन्ही काखा गेलेल्या, म्हणून मला खाली जांघेकडे वळवायला शिकवलं.

लघवीच्या गोळीबद्दल: लिंफेडेमात अडकलेल्या पाण्यात प्रोटीन असतं. गोळीने पाणी जातं, प्रोटीन मागे राहतं आणि पुन्हा पाणी ओढून घेतं. गोळी बीपीसाठी तर दिलेली नाही ना, हे विचारल्याशिवाय मात्र बंद करू नका.

लिंफेडेमाच निघाला तर घाबरण्यासारखं नाही, कंटाळण्यासारखं भरपूर आहे. मला तीन आठवडे रोज पट्ट्या बांधल्या, त्याही मे महिन्यात. साधी क्रेप बँडेज चालत नाही, कमी ताणाच्या वेगळ्या पट्ट्या असतात. नंतर मापाची स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही. तिचं माप पट्ट्या सोडल्यावर लगेच, हात सगळ्यात बारीक असताना घ्यायचं. मी पहिली स्लीव्ह संध्याकाळी, फुगलेल्या हातावर मापून घेतली आणि पैसे पाण्यात गेले.

आजपासून शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, वर दहा सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरचा फरक सूज समजतात, पण कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. म्हणून डावा उजव्याएवढा दिसला तरी तो सुजलेला असू शकतो. माझं आधीचं माप कुणी घेतलंच नव्हतं, जुनी काकणं तेवढी होती.

आणि मासळी साफ करताना हातमोजे घाला. सुंगटं सोलताना काटा बोटात गेला आणि रात्रीपर्यंत माझा हात लाल, गरम, वर हुडहुडी भरून ताप. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

पोर्टची बाजू आणि डॉपलरमध्ये काय आलं ते लिहा. स्लीव्हचं त्यानंतर बोलू, तोवर दुकानातून कुठलीही घेऊ नका.