नोकरी सोडून तळमजल्यावरचा गाळा घ्यावा का?

प्रश्न: मी चित्रकार आहे. भिंती रंगवते, पोर्ट्रेट करते, कार्यशाळा घेते, अधूनमधून गॅलरीत एखादं चित्र विकलं जातं. सोबत शाळेत कलाशिक्षिकेची अर्धवेळ नोकरी आहे. मुख्य रस्त्यावर तळमजल्याचा एक गाळा भाड्याने मिळतोय, पण करार तीन वर्षांचा आहे. नोकरी सोडावी, साठवलेले पैसे घालावेत आणि तिथे स्टुडिओ थाटावा असं मनात आहे. शहरभर मला सगळे ओळखतात, सगळीकडे बोलावतात. आता लोकांनी माझ्याकडे यावं असं वाटतं. गाळ्याच्या मालकाला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. काय करू?

उत्तर: हिशोबाच्या वहीबरोबर तुम्ही डायरीचं एक पानही पाठवलंत, ते बरं केलंत. वहीपेक्षा ते पानच जास्त बोलकं आहे. शनिवार. सकाळी जिमच्या मालकाशी भिंतीची बोलणी. त्याला गरुड हवाय, पण गरुडाचे दंड दिसले पाहिजेत. दुपारी चित्रकला स्पर्धेचं परीक्षण, मानधन एक रोपटं. संध्याकाळी मित्राच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. तिथे भेटलेल्या एका बाईंनी वडिलांचं पोर्ट्रेट सांगितलं, दुसऱ्या एकाने ‘आमच्या सोसायटीची भिंत रंगवून द्या ना, तेवढीच तुमची जाहिरात’ म्हटलं. घरी यायला रात्र झाली आणि ईझलवरचं चित्र जसंच्या तसं. त्या दिवसाची कमाई शून्य, खर्च रिक्षाचा, आणि तरीही महिन्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर त्याच दिवशी मिळाली. तुमचा धंदा नेमका कसा चालतो ते या एका पानात दिसतं. गाळ्याचा निर्णयही मी त्यावरूनच तपासणार आहे.

तुमचे खरे आकडे इथे छापत नाही. घरखर्चाचा एक महिना म्हणजे १०० असं धरू आणि सगळं त्याच मापात मोजू. वर्षाचा घरखर्च १२००. नोकरीतून वर्षाला ७२० येतात. चित्रकलेतून गेल्या वर्षी ९०० आले: भिंतींचे ३५०, पोर्ट्रेटचे २५०, कार्यशाळांचे १५०, गॅलरीतल्या चित्रांचे १५०. त्यातून रंग, कॅनव्हास, फ्रेमा, वाहतूक, हॉलचं भाडं आणि गॅलरीचं कमिशन वजा केलं की ५४० उरतात. म्हणजे एकूण हातात १२६०, खर्च १२००. वर्षाकाठी ६० शिल्लक पडतात. तुमची शिल्लक १४०० आहे, म्हणजे चौदा महिन्यांची. कलाकारासाठी ही चांगली शिल्लक आहे आणि ती तुम्ही कशी जमवली असेल याची मला कल्पना आहे.

आता गाळा. डिपॉझिट ३००, आतली दुरुस्ती, दिवे, मांडण्या आणि चित्रांच्या प्रती छापायला तुम्हाला हवा असलेला तो मोठा प्रिंटर मिळून आणखी ३००. भाडं आणि वीज धरून महिन्याला ३५, वर्षाचे ४२०. नोकरी सोडली तर घर आणि गाळा मिळून वर्षाला १६२० लागतील, हातात येतील ५४०. बरोबर तिप्पट कमाई व्हायला हवी, तीही पहिल्याच वर्षी. नाही झाली, तर उरलेल्या ८०० मधून महिन्याला ९० जातील. नवव्या महिन्यात तुम्ही रिकाम्या व्हाल आणि कराराची सव्वादोन वर्षं बाकी असतील.

कमाई तिप्पट होणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ती कुठून वाढेल ते बघा. भिंती तुम्ही लोकांच्या जागेत जाऊन रंगवता. पोर्ट्रेटची कामं समारंभात, कुणाच्या घरी, कुणाच्या ओळखीतून मिळतात. कार्यशाळा शाळांत आणि हॉलमध्ये होतात. ९०० पैकी ७५० तुम्ही बाहेर फिरता म्हणून येतात. गाळा घेतलात की तो उघडा ठेवायला कुणीतरी बसायला हवं. तुम्ही बसलात तर भिंत कोण रंगवणार, आणि तुम्ही भिंतीवर असाल तर गाळ्याला कुलूप. माणूस ठेवायचा तर त्याचा पगार तुमच्या हिशोबात नाही. लोकांनी तुमच्याकडे यावं ही इच्छा मला समजते. पण आज जे लोक पैसे देतात ते तुम्ही त्यांच्याकडे गेलात म्हणून देतात.

गाळ्याचा फायदा काहीच नाही असंही नाही. गॅलरीचं कमिशन वाचेल. जगभर ते साधारण ४० ते ५० टक्के असतं, तुमची गॅलरी निम्मं घेते. तुमच्याच वहीतलं एक चित्र घ्या: विकलं १०० ला, गॅलरीने ठेवले ५०, फ्रेमला गेले १५, कॅनव्हास-रंगांना १०, नेण्या-आणण्याला ५. हातात २०, आणि ते चित्र काढायला लागलेले दिवस वेगळेच. कुणालाही चीड येईल. पण गॅलरीतली सगळी चित्रं उद्या गाळ्यातून विकली गेली, तरी वाचतील ७५. कार्यशाळांच्या हॉलचं भाडं वाचलं तर आणखी ५०. एकूण १२५ वाचवण्यासाठी ४२० भरायचे. गिऱ्हाईक आणून देण्याचं गॅलरीचं काम मग तुम्हालाच करावं लागेल, हे वर.

पक्क्या खर्चाने भल्याभल्यांना धुऊन काढलंय. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरचं घर घेतलं. तेव्हा त्याचा बाजार तेजीत होता. कर्ज फिटता फिटेना, १६५६ मध्ये त्याने दिवाळखोरी पत्करली आणि घर, संग्रह, सगळं विकलं गेलं. हात तर तोच होता, कामही उत्तम चालू होतं. कमाई खालीवर होत राहिली आणि देणं मात्र थांबलं नाही.

प्रिंटरबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमच्या यादीत मला ती एकच गोष्ट मोहात पाडणारी वाटली. प्रती विकायची कल्पना उत्तम आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०९ मध्ये एका श्रीमंत गिऱ्हाइकाला चर्चच्या वेदीवरच्या चित्राबद्दल वैतागून लिहिलं होतं की इतका वेळ खोदचित्रांना (पत्र्यावर कोरून छापायच्या चित्रांना) दिला असता तर मी आज अधिक श्रीमंत असतो. त्याची छापील चित्रं बायको आणि आई जत्रा-बाजारांत विकत. एकदा केलेलं काम पुन्हा पुन्हा विकता येणं ही चित्रकारासाठी मोठी सोय आहे. पण राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये स्वतःचा छापखाना काढला, चित्रं घराघरांत पोचली, आणि छापखाना मात्र कर्जात जाऊन एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. प्रती विका, यंत्र विकत घेऊ नका. पिगमेंट शाईने (ती लवकर फिकट होत नाही), आम्लरहित म्हणजे लवकर पिवळा न पडणाऱ्या कागदावर छापून देणाऱ्याकडून हव्या तेवढ्याच प्रती काढून घ्या. एका चित्राच्या किती प्रती काढणार ते आधी ठरवा, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घाला, आणि आकडा संपला की थांबा. महिनाभर कुणी विकत घेतलं नाही तर तुमचे अडकले असतील ते फक्त छापलेल्या प्रतींचे पैसे.

घरातल्या साठ चित्रांची किंमत तुम्ही ‘मालमत्ता’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहिली आहे. ती ओळ खोडा. न विकलेलं चित्र नियोजनात शून्य. विकलं गेलं की आनंदाने मांडू.

उलट एक कमाई तुम्ही मोजतच नाही. गेल्या वर्षी ओळखीत तीन भिंती फुकट रंगवल्या, त्यातल्या दोनांचे रंगही तुमचेच. तुमच्याच चौरसफुटाच्या दराने त्या १२० च्या होतात. म्हणजे वर्षाच्या शिल्लकीच्या दुप्पट. फुकट काही करूच नये असा माझा आग्रह नाही. दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डातली भिंत तुम्ही आपणहून केली, ती कायम करा, वर्षाला एक असं ठरवून करा. पण ‘जाहिरात होईल’ म्हणणाऱ्याला दरपत्रक पाठवा. तुम्ही लिहिता की तोंडावर पैसे मागायला संकोच वाटतो, सगळी माणसं रोजची. मग तोंडावर मागूच नका. सगळ्यांना एकच छापील दरपत्रक: भिंत चौरसफुटावर, चित्र चौरस इंचावर, पोर्ट्रेटला आकारानुसार ठरलेली रक्कम. मित्राला सवलत द्यायची तर बिलात मूळ रक्कम लिहून खाली सवलत दाखवा, म्हणजे त्याला आपण काय घेतलं ते कळतं आणि वर्षाखेरीस तुम्हालाही आपण किती वाटलं ते कळतं. निम्मी रक्कम आधी. कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर दोन बदल दरात धरा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. गरुडाचे दंड तिसऱ्या बदलात येणार हे मी आत्ताच सांगतो.

आणि तो कॅफे. त्यांची भिंत तुम्ही रंगवलीत, पैसे मिळाले, विषय संपला असं तुम्हाला वाटलं. आता तेच चित्र त्यांच्या पिशव्यांवर आणि कपांवर आहे. चित्र विकलं म्हणजे त्याच्या प्रती काढायचा हक्क आपोआप विकला असं सहसा नसतं. सांगून करून घेतलेल्या कामात देशोदेशीचे नियम वेगळे पडतात, म्हणून कागदावर एक ओळ असणं महत्त्वाचं. भांडू नका. गोड शब्दांत लिहा की भिंतीचं मानधन भिंतीपुरतं होतं, पिशव्यांसाठी वर्षाची वेगळी रक्कम ठरवू. दिली तर तीही बसल्या जागी आलेली कमाई, नाही दिली तर पुढच्या प्रत्येक कामात ती ओळ आधीच लिहिलेली असेल.

आता काय करायचं. हा करार या अटींवर करू नका आणि नोकरी आत्ता सोडू नका. नोकरीचे ७२० तुमच्या घरखर्चाचा साठ टक्के भाग उचलतात, शिवाय अर्धा दिवस मोकळा ठेवतात. असं काम सोडायला फार मोठं कारण लागतं. पण जागेची गरज खरी आहे, स्वयंपाकघरात टर्पेंटाइनचा वास किती दिवस सहन करणार. तुम्ही पत्रात सहज उल्लेख केला आहे की एक कुंभारकाम करणारी मैत्रीण आणि एक छायाचित्रकार हेही जागा शोधताहेत. तिघांत हाच गाळा घेतला तर तुमच्या वाट्याला वर्षाचे १४० येतील, डिपॉझिटचे १०० आणि मांडणीचे फार तर १०० (प्रिंटर वगळून). बसायची पाळी तिघांत वाटता येते, म्हणजे कुलपाचाही प्रश्न बराचसा सुटतो. नोकरी ठेवून हे करायला चित्रांतून वर्षाला निव्वळ ६२० लागतात. तुम्ही ५४० वर आहात. मधले ८० त्या तीन फुकट भिंतींपैकी दोनांत भरून निघतात. शिलकीतले ९०० हलवायचे नाहीत. ज्याची कमाई अनियमित त्याच्याकडे नऊ महिन्यांचा खर्च सुटा असावा, तुमची चित्रांची निम्मी कमाई तर वर्षाच्या दोनच महिन्यांत येते. उरलेल्या ५०० मधून २०० गेले तरी चालण्यासारखं आहे.

मालकाशी बोलताना भाड्यावर घासाघीस करण्यापेक्षा बाहेर पडायच्या अटीवर करा. पहिलं वर्ष झाल्यावर दोन महिन्यांच्या सूचनेने जागा सोडता आली पाहिजे, पोटभाडेकरू किंवा सहभागीदार ठेवायची लेखी परवानगी हवी, आणि भिंतींना ओल आली तर दुरुस्ती कोणाची ते लिहिलेलं हवं. तळमजल्यावर ओल आली की सगळ्यात आधी कागदावरची कामं जातात. सही करण्याआधी जागा एकदा भर पावसात बघून या. मालक तीन वर्षांवरच अडला तर त्याला सोडा. मग कमाईच्या त्या दोन महिन्यांपुरती एखादी जागा घ्या. त्यातून लोक खरंच तुमच्याकडे येतात का तेही कळेल, आणि आलेले विकत घेतात की गप्पा मारून जातात तेही.

नोकरी सोडायचा दिवस माझ्या मते असा ठरवा: सामायिक जागा धरून चित्रांतून निव्वळ १३४० सलग दोन वर्षं आले, आणि त्यात कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा पाव भागाहून जास्त नसला. नोकरीत अडकून तो आकडा गाठणं कठीण आहे, हे मान्य. म्हणून मध्ये एक पायरी घ्या. हजाराच्या घरात पोचलात की शाळेकडे वर्षभराची बिनपगारी रजा मागा, मिळाली नाही तर आठवड्याचे दिवस कमी करून मागा.

शेवटी, भाऊ म्हणतात ते कर्ज. त्यांचा हेतू चांगला आहे, पण नको. हप्ता बारा महिने सारखा जाईल आणि तुमची निम्मी कमाई दोन महिन्यांत येते. उरलेले दहा महिने तुम्ही हप्त्यासाठी अशी कामं घ्याल जी एरवी घेतली नसती. भावाला पैसे गुंतवायचेच असतील तर त्यांना एक मोठं चित्र दरपत्रकाच्या भावाने घ्यायला सांगा.