पाणलोट क्षेत्र राखण्यासाठी गावकरी आणि शासकीय खाती एकत्र कशी आणावीत?

ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडावी आणि निधी मागण्याआधीच तिने कृषी, वन व जलसंधारण खात्यांच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसह माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवारफेरी काढावी. ओढ्याचा उगम बहुधा वनखात्याच्या डोंगरावर, गायरान ग्रामपंचायतीकडे आणि खालची शेते खासगी मालकीची असतात. माथ्यावरचे समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) खणायचे राहून गेले, तर खालचा बंधारा लवकर गाळाने भरतो. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात नाबार्ड ही राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक आणि ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) या स्वयंसेवी संस्थेच्या सहभागाने राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची आणि जमिनीच्या प्रत्येक गटाचा (गट नंबरच्या तुकड्याचा) आराखडा त्या शेतकरी कुटुंबासह प्रत्यक्ष शेतात उभे राहून ठरवायचा, अशी रीत होती. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण बांध कोठून जावा हे ज्याने स्वतः दाखवले, तो सहसा तो बांध मोडत नाही. मात्र चराईबंदीची झळ शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना आधी बसते. म्हणून राखलेल्या रानातले गवत कापून नेण्याचा त्यांचा हक्क ग्रामसभेच्या त्याच ठरावात स्पष्ट लिहावा.