मातीला चिकटून बसलेलं पिवळं फूल कुठलं?

प्रश्न: पहिला पाऊस होऊन आठवडा झाला असेल, आम्ही चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो होतो. वाटेत सागाच्या झाडांखाली मोकळ्या गवतात एक छोटंसं पिवळंधमक फूल दिसलं, सहा पाकळ्यांची चांदणीच. पण त्याला देठच नाही हो! तोडायला गेले तर पांढरट नळीसारखं काहीतरी हातात आलं. सासूबाई म्हणतात सफेद मुसळी, गुरं चारणारे एक बाबा म्हणाले "कायी मुसयी शे ती", आणि मोबाईलमधलं अ‍ॅप म्हणतं लिली. खरं कोणाचं मानायचं?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: ताई, बाबांचं माना. ही काळी मुसळीच, शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. आणि अ‍ॅपला तुम्ही नुसत्या फुलाचा फोटो दिला असणार, सहा पिवळ्या पाकळ्या बघून ते बिचारं दुसरं काय सांगणार!

खरी ओळख त्या नळीतच आहे. ती नळी म्हणजे देठ नाही, तो फुलाचाच लांब गळा. बीजकोष खाली मातीत असतो आणि तिथून हा गळा वर येतो, म्हणून फूल थेट जमिनीतून उगवल्यासारखं वाटतं. म्हणजे तुम्ही तोडलंत तेव्हा निम्मं फूल हातात आलं नि निम्मं खालीच राहिलं. फळ पण तिथेच मातीला लागून धरतं, आत काळ्या चकचकीत बिया.

आता पानं. लांबट, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या पडलेली, बारीक लव असलेली. शिंदीचं रोप उगवलंय असं वाटून लोक चक्क ओलांडून जातात, आणि संस्कृतातल्या तालमूली या नावातलं 'ताल' म्हणजेही ताडच. सासूबाईंची सफेद मुसळी वेगळी, तिची फुलं पांढरी आणि चांगल्या उंच दांड्यावर येतात, खाली मुळांचा झुबका असतो. काळीचं मूळ एकच, सरळ खाली गेलेलं, वरून काळपट आणि आतून पांढरं.

हे मूळ औषधात जातं, त्यामुळे ओरबाडून खणतात लोक, आणि मूळच गेलं की झाड संपलं. त्यात पाटणादेवी म्हणजे गौताळा अभयारण्य, तिथलं काही उपटून नेणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. (एका फुलासाठी कोणी पकडणार नाही तुम्हाला, घाबरू नका!)

पुढच्या वेळी पानांचा आणि बुडख्याचा पण फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. आणि एखाद्या पानाचं टोक वाकून ओल्या मातीला टेकलंय का तेही बघा, कारण तिथेच मुळं फुटून नवीन रोप धरलेलं असतं कधीकधी.