पॉइंट लिसासची ऑफर, दोन लहान मुलं आणि त्रिनिदाद

तू लिहिलंयस की नवऱ्याला त्रिनिदादला, पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटवर नोकरी मिळतेय. मुलगी तीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. सगळे म्हणतायत, मुलं लहान आहेत तोवर जा, पटकन रुळतात. आणि झेडपीच्या शाळेतली तुझी नोकरी सोडायची का, हेही विचारलंयस. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. आमचंही जवळपास असंच झालं होतं. नवरा थळच्या खत कारखान्यातून इकडे आला आणि मी दोन पोरांना घेऊन मागून.

वर्क परमिट, व्हिसा हे कंपनीचा एचआर बघेल, ते सोडते. जे कुणी सांगत नाही ते सांगते.

दोघांचे जन्मदाखले आज कपाटातून काढून बघ. आपल्याकडे नोंद बारशाच्या आधीच होते, नावाचा रकाना कोरा राहतो आणि तो कोरा आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. नाव घालायला नगरपालिका, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का. एजंटला दे, इथे काटकसर करू नकोस. मुंबईच्या उन्हात बाळ कडेवर घेऊन फेऱ्या मारण्यात काही शौर्य नाही.

लसीचं कार्डही तसंच. इथे शाळेत प्रवेशाला ते लागतंच. आमचं प्राथमिक आरोग्य केंद्राचं, मराठीतलं, वर नर्सबाईंचं अक्षर. इथल्या आरोग्य केंद्रातल्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि फार प्रेमानं विचारलं, "डार्लिन, वरची बाजू कुठली?" मी बोट ठेवून एकेक लस वाचून दाखवली, तरी वाचता येत नाही म्हणून धाकट्याला दोन डोस पुन्हा दिलेच. तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर इंग्रजीत सगळं लिहून घे, तारखांसकट.

आणि पिवळा ताप. हा ताप जिथून येऊ शकतो त्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. सुट्टीला घरी जाताना प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घेतलेली नसेल, तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तिकीट काढायच्या आधी या लसीच्या दाखल्याची पिवळी पुस्तिका बघ. अमेरिकेमार्गे येणार असाल तर नुसतं विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तान्ह्या बाळालाही त्याचा वेगळा.

आता शाळा. हे जरा लांबेल.

इथे तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालशाळा असते, पाचव्या वर्षी प्राथमिक सुरू होते आणि अकराच्या आसपास एसईए नावाची परीक्षा, जिच्यावर पुढची शाळा ठरते. तिची धास्ती आईबापांना इन्फंट्समध्येच, म्हणजे प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्गांतच लागते. पण आमचं घोडं त्याच्या फार आधी अडलं. थोरली बालशाळेत गप्प असायची. पहिल्या सत्राच्या अहवालात बाईंनी लिहिलं, बोलण्यात मागे आहे, तपासणी करून घ्या. घरी हीच पोर आजीला फोनवर मांजरीच्या बाळंतपणाची गोष्ट रंगवून रंगवून सांगत होती! मी बाईंना सांगितलं की ती बोलते, मराठीत बोलते. त्या म्हणाल्या, मग घरी इंग्रजी बोला ना, प्रश्नच मिटेल.

बाईंचं आडनाव आपल्याकडच्या पुराणातलं, अंगणात बांबूवर हनुमानाची लाल झेंडी. 1845 साली हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज, फातेल रझाक, इथे लागलं तेव्हापासून त्यांच्यासारख्यांचे पणजोबा भोजपुरी बोलत आले, आणि आता भजनं सोडली तर जवळजवळ काही उरलेलं नाही. त्यांना मी काय बोलणार? तपासणीत काहीच निघालं नाही. अहवाल मात्र फायलीत तसाच आहे, मागितला तरी काढला नाही.

नवऱ्यानं त्याच संध्याकाळपासून घरात इंग्रजी सुरू केलं. मी नाही केलं. त्यावरून आमच्यात जे वाजलं ते अजून पुरतं निवलेलं नाही. आता थोरली इथल्या हेलात इतकं छान इंग्रजी बोलते की दुकानदार तिला इथलीच समजतो, आणि मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत देते. तेव्हा रुळतात का, तर हो, रुळतात. मला तेच जड जातं. तू एवढंच कर, पहिल्याच दिवशी शाळेला लेखी दे की मूल घरी कुठली भाषा बोलतं आणि त्या भाषेत त्याला काय काय येतं.

पैशाचं. इथे अमेरिकन डॉलरचा कायम तुटवडा असतो, बँक हातात मोजून देते. पगाराचा काही भाग थेट अमेरिकन डॉलरमध्ये मिळेल का, हे सही करायच्या आधी नवऱ्याला विचारायला लाव, नाहीतर घरी पैसे पाठवताना नाकी नऊ येतील. आणि सुरक्षिततेबद्दल लपवाछपवी नको: जेमतेम चौदा लाख वस्तीच्या देशात 2024 मध्ये सहाशेच्या वर खून झाले, वर्षअखेरीस आणीबाणी लावली. आम्ही अंधार पडल्यावर मुलांना घेऊन उगाच बाहेर पडत नाही. घर गेटच्या आतलं बघा.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नकोस. अळू मुबलक मिळतं, इथले लोक त्याचं काललू नावाचं कालवण करतात, मी वड्या करते. बाळाच्या वरणाचं मात्र बघावं लागेल. इथली डाळ म्हणजे पिवळ्या वाटाण्याची, तूर हे लोक हिरवीच खातात. तुरीची डाळ नि पोहे बॅगेत घाल, कुकरच्या रिंगा घाल. मिक्सर आणू नकोस, वीज 115 व्होल्टची आहे.

एकटेपणाचं विचारलंयस. कामं इतकी असतात की सुचत नाही. दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते, बांबूच्या कमानींवर पणत्या लावतात, शेजारी घरी बोलावतात, माणसं चांगली आहेत. इथे सकाळचे सात म्हणजे अलिबागला दुपारचे साडेचार, आईशी बोलायची तीच वेळ आणि डबे भरायचीही तीच. त्यामुळे फोन स्पीकरवर, आणि ती बोलते, मी "हं" म्हणते. "हं" म्हणायची इतकी सवय झालीय की परवा तिनं डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हाही मी "हं" म्हटलं. असो.

नोकरी. स्वतःचं वर्क परमिट असल्याशिवाय तुला इथे शिकवता येणार नाही, नवऱ्याच्या मागे आलेली म्हणूनच राहशील. मीही तिकडे नोकरीत होते, त्या संस्थेनं मला बिनपगारी रजा तोंडीच नाकारली, मग राजीनामा दिला. इथे प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी लिहिताना अजून पेन अडतं. तुला नियमात असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा आहे. मुख्याध्यापक "बघू" म्हणतील, त्यावर थांबू नकोस. अर्ज लेखी दे आणि आवक क्रमांकाची पोच घेऊनच तिथून नीघ.